पारोचा दगड काय सांगतो?

दरवर्षी मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातल्या पुष्कळ शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात. मुले लेणी पाहतात, पद्मपाणीसमोर क्षणभर थांबतात आणि परततात. पण लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटरवर, घाटाच्या माथ्यावर, अजिंठा नावाचे मूळ गाव आहे. लेण्यांना ज्याचे नाव मिळाले ते हे गाव. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) जळगावकडे जाताना ते आधी लागते, आणि सहलीची बस बहुधा न थांबता पुढे घाट उतरते.

या गावात एक कबर आहे. तिच्यावरचा लेख इंग्रजीत आहे आणि अगदी छोटा आहे. त्याचा आशय इतकाच, की हे माझ्या प्रिय पारोच्या स्मरणार्थ आहे आणि ती २३ मे १८५६ रोजी मरण पावली. हा लेख कोरवून घेणारा होता मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या प्रमाणावर प्रतिकृती करणारा पहिला चित्रकार तो हाच.

ही पारो कोण? चौकशी केली तर उत्तरे भराभर मिळतात. ती आदिवासी होती, ती सुंदर नाचायची, तिने गिलसाठी झाडपाल्याचे आणि दगडांचे रंग तयार केले, गावाने त्यांना विरोध केला, तिच्या मृत्यूने गिल खचला. प्रत्येक सांगणारा थोडी भर घालतो. सहलीहून परतलेली मुले निबंधात हे सगळे लिहितात. एखादा चौकस विद्यार्थी मात्र विचारतो, "सर, हे आपल्याला कसे कळले?" आमच्या मते विज्ञानाच्या शिक्षकाला याहून चांगला प्रश्न मिळणे कठीण.

या लेखात आम्हाला पारोची गोष्ट पुन्हा सांगायची नाही. ज्या व्यक्तीबद्दल फारच थोडी माहिती आहे, तिच्याविषयी खात्रीने काय म्हणता येते, कशाला अनुमान म्हणायचे आणि कशाला केवळ गोष्ट, हे कसे ठरवायचे एवढेच पाहायचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ही पद्धत परिचित आहे. आम्ही विज्ञानाच्या क्षेत्रातली माणसे. तिच्याकडे पाहिले की आम्हाला ती आपल्या प्रयोगशाळेतल्या शिस्तीची सख्खी बहीण वाटते.

गिलचे कागद

आधी सोपे काम करू. रॉबर्ट गिलबद्दल आपल्याला काय माहीत आहे?

गिलचा जन्म १८०४ मधला. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत अधिकारी होता. जेम्स फर्ग्युसन या वास्तू-अभ्यासकाने १८३९ मध्ये अजिंठ्याला भेट दिली आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, त्यांच्या प्रतिकृती करून घ्या, असा आग्रह त्यातून पुढे आला. त्यानुसार कंपनीने १८४४ मध्ये गिलची नेमणूक केली. त्याने कॅनव्हासवर तैलरंगांत मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. हे काम १८६३ पर्यंत चालले. प्रतिकृती लंडनला गेल्या आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. थोड्या वाचल्या, त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गिलने छायाचित्रेही काढली. त्याच्या छायाचित्रांची पुस्तके फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

हे सगळे आपण इतक्या खात्रीने कसे सांगू शकतो? कारण गिल कंपनीचा नोकर होता. कंपनीच्या अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे आणि पलटणी दरवर्षी छापल्या जात. त्याच्या पगाराचा आणि रंगांच्या खर्चाचा हिशेब लागत असे. त्याची चित्रे समुद्रापार जात, तेव्हा पत्रव्यवहार होत असे. एका विधानाला तीन-तीन वेगळे कागद आधार देतात. शिवाय या कागदांचे लेखक वेगवेगळे आहेत आणि ते गिलची गोष्ट रंगवण्यासाठी लिहीत नव्हते. कारकून हिशेब मांडत होता, छापखाना यादी छापत होता. इतिहासकाराला असा निर्हेतुक कागद फार प्रिय असतो.

आता पारोकडे वळू. तिच्याबाबत आपल्यापाशी एक दगड आहे.

दगड काय सांगतो

एकच साधन असले म्हणजे निराश व्हायचे कारण नाही. आधी ते साधन नीट वाचायचे.

वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. तेव्हापासून मराठी इतिहासलेखनात एक भेद रुजला, तो म्हणजे अस्सल कागद आणि बखर यांतला भेद. घटना घडत असतानाच्या काळात, घटनेशी संबंध असलेल्या माणसाने लिहिलेला तो अस्सल कागद. पुष्कळ वर्षांनी, ऐकीव माहितीवर, वाचकांना ऐकवण्यासाठी रचलेली ती बखर. या कसोटीवर अजिंठ्याचा दगड अस्सल आहे. तो १८५६ च्या घटनेबद्दल आहे आणि पारोला ओळखणाऱ्या माणसाने तो लिहविला आहे.

हा दगड आपल्याला चार गोष्टी सांगतो. पारो नावाने ओळखली जाणारी एक व्यक्ती होती. ती २३ मे १८५६ रोजी मरण पावली. गिलला ती प्रिय होती. आणि हे नाते चार लोकांना दिसेल अशा ठिकाणी, दगडावर कोरून सांगावे असे त्याला वाटले. ही चौथी गोष्ट सहज निसटते, पण ती महत्त्वाची आहे. कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांचे हिंदुस्थानी स्त्रियांशी संबंध होते; त्यांतल्या बहुतेक स्त्रियांचे नावसुद्धा मागे राहिले नाही.

आता दगड काय सांगत नाही ते पाहू. पारोचे वय तो सांगत नाही. जात, जमात, धर्म, गाव, आईवडील सांगत नाही. ती गिलला कधी भेटली, त्यांचे लग्न झाले होते का, ती कशाने गेली, हे सांगत नाही. ती नाचत असे किंवा रंग तयार करीत असे, असेही सांगत नाही.

आणखी एक गोष्ट दगड सांगत नाही, आणि ती सर्वांत सहज विसरली जाते. पारोला गिलबद्दल काय वाटत होते, हे तिथे नाही. 'प्रिय' हा शब्द गिलचा आहे. एक कंपनीचा गोरा अधिकारी, दुसरी त्या परिसरातली बाई. दोघांच्या हाती असलेली सत्ता सारखी नव्हती. त्यांच्यात उत्कट प्रेम असेलही. परंतु आपल्यापुढे एकाच बाजूची साक्ष आहे, याची आठवण वर्गात करून द्यायला हवी.

नावाचेही तसेच. 'पारो' हे रूप इंग्रजाच्या कानाने ऐकलेले आणि रोमन अक्षरांत बसवलेले आहे. घरी तिला पारू म्हणत असतील, पार्वती म्हणत असतील किंवा आणखी काही. अशा नावावरून जात किंवा जमात ठरवणे म्हणजे केवळ बाटलीच्या आकारावरून आतले रसायन ओळखण्यासारखे आहे.

दहा लेख, साक्ष एकच

'पण आम्ही दहा ठिकाणी वाचले आहे!' असे विद्यार्थी म्हणतात. हा युक्तिवाद मोठी माणसेही करतात. इथे प्रयोगशाळेतला दाखला उपयोगी पडतो.

एका तापमापीवर आकडे चुकीचे कोरले आहेत अशी कल्पना करा. तिने आपण दहा वेळा पाण्याचे तापमान मोजले. दहाही वाचने सारखी आली. आपली खात्री वाढली का? नाही. वाचने दहा असली तरी साधन एकच, आणि त्याची चूक दहाही वाचनांत शिरली. खात्री वाढायला दुसरी, स्वतंत्र बनावटीची तापमापी हवी.

लेखांचेही असेच आहे. दहा लेखकांनी एकाच जुन्या लेखावरून लिहिले असेल, तर साक्षी दहा होत नाहीत. मग लेख एकमेकांवरून उतरवले आहेत हे ओळखायचे कसे? चुका पाहून! समजा, एका लेखात मृत्यूचा दिवस चुकून '२५ मे' असा छापला गेला. पुढच्या तीन लेखांत तोच '२५ मे' आढळला, तर त्या तिघांनी दगड पाहिलेला नाही, पहिल्या लेखावरून मजकूर घेतला, हे जवळजवळ नक्की. बरोबर उत्तर दोन मुलांनी लिहिले तर शंका येत नाही. पण एकच विचित्र चूक दोघांच्या पेपरात आली की शिक्षकाच्या भुवया उंचावतात. जीवशास्त्रज्ञ दोन प्राण्यांच्या जनुकांतले सारखे बिघाड पाहून त्यांचा सामाईक पूर्वज शोधतात, तोही याच तर्काने.

म्हणून शोधाची दिशा नेहमी उलटी ठेवायची. हा लेख कोणावरून लिहिला? तो कोणावरून? असे मागे मागे जाताना एक तर आपण अस्सल साधनापाशी पोचतो, नाहीतर वाट मध्येच संपते. वाट जिथे संपते तिथे त्या विधानावर 'आधार सापडला नाही' अशी चिठ्ठी लावायची. विधान खोटे आहे असे त्यावरून ठरत नाही. ते सिद्ध झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जॉन स्मिथचा वाघ

अजिंठ्यातच याचे आणखी एक सुरेख उदाहरण आहे. लेणी 'पुन्हा सापडली' ती १८१९ मध्ये, जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला गेला असताना, हे आपण सगळे शिकवतो. त्याचा आधार काय?

दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, तिथल्या चित्रावरच, कोणीतरी नाव खरडले आहे. तिथे जॉन स्मिथ हे नाव, २८ व्या घोडदळाचा उल्लेख आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख आहे. एका प्राचीन चित्राची ती विद्रूपता आहे, पण इतिहासाचे ते अस्सल साधनही आहे. त्या दिवशी तो माणूस तिथे होता, हे त्यावरून कळते. वाघाचा मात्र त्यात उल्लेख नाही. म्हणजे 'जॉन स्मिथ २८ एप्रिल १८१९ रोजी दहाव्या लेण्यात गेला' या विधानाचे वजन वेगळे आणि 'तो वाघामागे गेला होता' या विधानाचे वेगळे. एका वाक्यात दोन्ही गुंफली की वाघालाही तारखेची विश्वासार्हता फुकट मिळते.

या खरडलेल्या अक्षरांतून आणखी एक गोष्ट निघते. आज ती अक्षरे उभ्या माणसाच्या डोक्याच्याही बरीच वर आहेत. स्मिथने शिडी आणली होती का? नाही. त्या काळी लेण्यात दगडमातीचा ढीग साठलेला होता आणि तो त्यावर उभा होता. अक्षरांच्या उंचीवरून ढिगाऱ्याची उंची कळते. साधनाकडे असे पाहावे. त्यातल्या मजकुराइतकीच त्याची जागा, उंची आणि अवस्थाही बोलकी असते.

काळाचे गणित

एकटी तारीखही किती कामाची असते ते पारोच्या बाबतीत पाहू. २३ मे १८५६ हा खिळा भिंतीवर पक्का ठोकला, की त्याला दोरी बांधून बाकीच्या कथा मोजता येतात.

गिलची नेमणूक १८४४ ची. त्यांची ओळख अजिंठ्यात झाली असेल, तर ती जास्तीत जास्त बारा वर्षांची. पारो गेल्यानंतरही गिलचे प्रतिकृतींचे काम १८६३ पर्यंत, म्हणजे सात वर्षे चालू होते आणि तो तिच्यामागे तेवीस वर्षे जगला. तेव्हा 'तिच्या मृत्यूनंतर गिलने कुंचला खाली ठेवला' असे कोणी लिहिले, तर ते कागदांशी जुळत नाही.

पारोचे छायाचित्र म्हणून एखादे चित्र कोणी दाखवले तर? गिल छायाचित्रणाकडे वळला तो १८५६ च्या सुमारास, म्हणजे पारो गेली त्याच वर्षाच्या आसपास. तेव्हा असे छायाचित्र मिळणे अगदी अवघड. दाखवणाऱ्याने ते कुठून आले, मूळ कुठल्या संग्रहात आहे, हे सांगितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

समजा, एखाद्या लेखात ती प्लेगने गेली असे आहे. मुंबईत प्लेगची मोठी साथ आली ती १८९६ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. त्याआधी देशात कुठेच प्लेग नव्हता असे नाही, पण लेखकाने पुढच्या पिढीची आठवण मागे नेली असण्याची शक्यता वाटते. शिवाय 'मरी' आणि 'महामारी' हे शब्द आपल्याकडे कुठल्याही साथीला वापरले जातात. मूळ सांगणाऱ्याने कोणता शब्द वापरला होता, हे विचारायला हवे.

वारांचे गणितही हाताशी ठेवावे. २३ मे १८५६ रोजी शुक्रवार होता. उद्या एखाद्या पेटाऱ्यातून रोजनिशी निघाली आणि तिच्यात त्या तारखेपुढे रविवार लिहिला असेल, तर आपण सावध व्हायचे. वार आणि तारीख यांचा मेळ घालणे शाळेतल्या मुलांना येते. बनावट कागद ओळखण्याची ती सर्वांत स्वस्त कसोटी आहे.

आता रंगांची कथा घेऊ, कारण ती रसायनशास्त्राच्या कक्षेत येते. अजिंठ्याच्या मूळ चित्रांत लाल आणि पिवळी गेरू-माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळी आणि निळ्यासाठी वैडूर्य ऊर्फ लाजवर्द हे रंग आढळले आहेत. वैडूर्य अफगाणिस्तानाच्या बदख्शान भागातून येई. बाकीचे इथल्या मातीत-दगडात मिळण्यासारखे आहेत. गिलच्या प्रतिकृती मात्र तैलरंगांतल्या आहेत. पारोने त्याला परिसरातले रंग पुरवले, हे विधान निदान अंशतः तपासता येते. वाचलेल्या कॅनव्हासांवरचे रंगकण तपासले तर ते कारखान्यात तयार झालेले आहेत की इथल्या मातीचे, याचा अंदाज येऊ शकेल. पण समजा, ते इथले निघाले. तेवढ्याने ते पारोनेच आणले हे सिद्ध होईल का? नाही. एखाद्या चाचणीतून काय ठरेल आणि काय ठरणार नाही, हे चाचणीच्या आधीच लिहून ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

शत्रूची साक्ष

स्वतंत्र साक्ष म्हणजे काय, हे पटवून द्यायला याच जिल्ह्यातले दुसरे नाव घेऊ. मलिक अंबर. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी खडकी हे शहर वसवणारा आणि त्याला नहरीचे पाणी देणारा, हबशातून गुलाम म्हणून आलेला निजामशाहीचा वजीर. तो १६२६ मध्ये वारला.

त्याच्याबद्दल आपल्याला तीन दिशांनी कळते. बादशहा जहांगीर त्याचा कट्टर शत्रू. तो आपल्या आत्मचरित्रात अंबरचे नाव शिवीशिवाय क्वचितच घेतो, पण त्याच्याशी झालेल्या लढायांची नोंद करतो. पीटर व्हान डेन ब्रुके हा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटला आणि त्याने भेटीचे वर्णन लिहून ठेवले. तिसरा मोगलांचाच इतिहासकार मुतमदखान. त्याने अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ केली. एक शत्रू, एक परका आणि शत्रूच्या दरबारातला एक लेखक. तिघांचे हेतू वेगळे, भाषा वेगळ्या. जिथे हे तिघे जुळतात, तिथे आपण निश्चिंत मनाने पाय ठेवू शकतो. कौतुक करण्याचे काहीच कारण नसलेल्या माणसाने केलेले कौतुक फार वजनदार असते.

पारोला असे शत्रू नव्हते, व्यापारी नव्हते, दरबारी लेखक नव्हते. म्हणून तिच्याबद्दल बोलताना आपला आवाज अंबरच्या बाबतीत असतो तितका ठाम असता कामा नये.

कागद नाहीत ते का?

इथे एक धोका आहे. 'कागदात पारो नाही, म्हणजे तिला महत्त्व नव्हते' असा निष्कर्ष कोणी काढील. तो चूक ठरेल.

आर्थर एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने दिलेला एक दाखला प्रसिद्ध आहे. एका जाळ्याची भोके दोन इंचांची आहेत. त्याने मासेमारी करणारा अभ्यासक जाहीर करतो, की समुद्रात दोन इंचांहून लहान जीव नाहीत! दोष समुद्राचा नाही, जाळ्याचा आहे.

दप्तरेही जाळीच असतात. कंपनीच्या मुलखातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधल्या नोंदी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हिंदुस्थानात राहिलेल्या असंख्य इंग्रजांचा माग त्यांत लागतो. पण त्या ख्रिस्ती लोकांच्या नोंदी आहेत. ख्रिस्ती नसलेल्या, चर्चमध्ये लग्न न झालेल्या बाईचे नाव त्यांत येण्याचा प्रश्नच नव्हता. अजिंठा गाव तर कंपनीच्या मुलखात नव्हतेच, ते निजामाच्या राज्यात होते. तिथे पहिली जनगणना झाली १८८१ मध्ये, पारो गेल्यावर पंचवीस वर्षांनी. गावपातळीवरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आज आपण पाहतो तशा त्या काळी नव्हत्या. १८५६ साली मराठवाड्यातली सामान्य बाई ज्यात सापडावी अशी वहीच जवळजवळ नव्हती.

मराठवाड्यातल्या कोणत्याही अल्पपरिचित माणसाचा शोध घेताना हा राजकीय भूगोल ध्यानात ठेवावा लागतो. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून त्याचे बरेच जुने दप्तर हैदराबादला आहे आणि ते मुख्यतः फारसी व उर्दूत आहे. इंग्रजांचा संबंध आला असेल तर मुंबईचे पुराभिलेखागार आणि लंडन. मराठी मोडी कागद देशमुख-देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरांतून. १८८४ मध्ये निघालेले औरंगाबादचे गॅझेटियर आणि १९७७ चे महाराष्ट्र शासनाचे जिल्हा गॅझेटियर ही दोन्ही चांगली सुरुवात आहे. पण ती सुरुवातच, शेवट नव्हे. गॅझेटियरही कोणावरून तरी लिहिलेले असते. शोधताना नावांची जुनी रूपे वापरावीत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत अजिंठ्याचे नाव 'अजुंटा' अशा धाटणीने येते. आजचे रूप घेऊन बसलो तर हाती असलेला कागदही दिसत नाही.

कविता आणि चित्रपट यांचे काय करायचे?

ना. धों. महानोर अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेडचे. त्यांचे 'अजिंठा' हे दीर्घकाव्य १९८४ मध्ये आले आणि पारो मराठी वाचकांच्या मनात घर करून बसली. त्यावर आधारलेला नितीन चंद्रकांत देसाई यांचा 'अजिंठा' हा चित्रपट २०१२ मध्ये आला. या कलाकृतींनी काही गैर केले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दगडाच्या मौनात कवीने कान लावावा, हे त्याचे कामच आहे. आज पुष्कळ लोक ती कबर शोधत जातात, ते या कलाकृतींमुळेच.

मात्र ही साधने कोणत्या काळाची, हे विसरू नये. कविता हे १९८४ चे अस्सल साधन आहे आणि चित्रपट २०१२ चे. मराठी माणसाने पारोची कल्पना कशी केली, याचा अभ्यास करायचा तर यांच्याहून चांगले साधन नाही. १८५६ मध्ये काय घडले याची साक्ष मात्र ती देऊ शकत नाहीत.

गावातल्या तोंडी आठवणी याहून वेगळ्या. त्या टाकाऊ नाहीत. कागदांच्या जाळ्यातून सुटलेले त्यांत सापडू शकते. पण त्यांची नोंद शिस्तीने करायला हवी. सांगणाऱ्याचे वय किती, त्याने कोणाकडून ऐकले, केव्हा ऐकले, त्याने चित्रपट पाहिला आहे का, हे लिहायचे. चित्रपटात नसलेला एखादा तपशील दोन वेगळ्या घरांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या वृद्धांनी सांगितला, तर तो मोलाचा. चित्रपटात आहे तोच प्रसंग त्याच क्रमाने आला, तर तो बहुधा पडद्यावरून गावात परतलेला प्रतिध्वनी.

वर्गात करण्याजोगे

प्रत्येक गावात एखादी पारो असतेच. विहीर बांधणारी बाई, पहिली शाळा काढणारे गुरुजी, जुन्या पुलावर नाव कोरलेला कंत्राटदार. आठवी-नववीच्या मुलांचे चार-पाच जणांचे गट करून असे एकेक नाव त्यांना द्यावे आणि पुढील क्रमाने काम करवून घ्यावे.

१. त्या व्यक्तीबद्दल गावात जे जे सांगितले जाते ते सुटी विधाने करून लिहावे. एका ओळीत एकच विधान.

२. प्रत्येक विधानापुढे 'कशावरून?' हा रकाना ठेवावा. कोरीव लेख, शाळेचे जनरल रजिस्टर, सातबारा आणि जुने फेरफार, ग्रामपंचायतीची नोंदवही, पत्र, छायाचित्र, छापील लेख, तोंडी आठवण, यांपैकी काय ते लिहावे.

३. ते साधन घटनेनंतर किती वर्षांनी तयार झाले हे लिहावे. हा आकडा जितका मोठा, तितकी सावधगिरी जास्त.

४. दोन साधने स्वतंत्र आहेत की एकावरून दुसरे उतरवले, हे तपासावे.

५. शेवटी विधानांचे तीन ढीग करावेत. 'साधन सांगते', 'आम्ही अनुमान करतो' आणि 'लोक म्हणतात'. तिसरा ढीग फेकायचा नाही, पण पहिल्यात मिसळायचाही नाही.

कोरीव लेख वाचायचा असेल तर आधी ती जागा सांभाळणाऱ्यांची परवानगी घ्यावी. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, तेल, हळद किंवा रंग भरू नये. दगड खराब होतो. त्याऐवजी तिरप्या प्रकाशाचा उपयोग करावा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन बाजूने पडत असताना पुसट अक्षरांच्या कडांच्या सावल्या पडतात आणि ती वाचता येतात. सावलीतल्या लेखावर टॉर्च एका अंगाने धरून हेच साधते. जे दिसेल तेच उतरवावे. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे, अंदाजाने भरू नये. ओळी मूळ लेखात जिथे तुटतात तिथेच तोडाव्यात. छायाचित्र घेताना शेजारी पट्टी ठेवावी आणि मागे तारीख लिहावी.

या सगळ्यात मुले निराश होतात का? पहिल्या ढिगात दोन-तीनच विधाने उरली, की सुरुवातीला थोडी होतात. मग त्यांच्या लक्षात येते, की ही दोन-तीन विधाने आता कोणी हलवू शकत नाही. पारोच्या बाबतीत आपल्या हाती एक नाव, एक तारीख आणि एका माणसाच्या ममतेची साक्ष उरते. तिला आदिवासी, नर्तकी, रंगकर्मी अशी वस्त्रे आपण चढवली, तर लोकांना आवडेल. पण तिला आपल्या सोयीची करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जिवंतपणी जिचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही, तिच्या तोंडी मेल्यावर आपली वाक्ये घालू नयेत, इतपत तरी आपण तिचे देणे लागतो.

आणि एक काम खरोखरच तातडीचे आहे. ऊन, पाऊस आणि माणसांचे हात यांनी कोणत्याही कोरीव लेखाची अक्षरे हळूहळू झिजतात. जवळपासच्या एखाद्या शाळेने दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीआधी, एकाच जागेवरून, एकाच वेळी, पट्टीसह पारोच्या दगडाचे छायाचित्र घ्यायचे ठरवले, तर दहा वर्षांत अक्षरे किती झिजली हे मोजता येईल. पुढे कधी तो दगड वाचेनासा झाला, तरी त्यावर काय होते याची तारीखवार नोंद शाळेच्या कपाटात असेल. पारोबद्दलचे ते दुसरे अस्सल साधन ठरेल, आणि ते मुलांनी तयार केलेले असेल.